फोन परत का आले?

सांगोल्यासारख्या विखुरलेल्या वाड्यावस्त्यांच्या तालुक्यात बाळाचे वजन, लसीची तारीख, गरोदर बाईची तपासणी या नोंदी वर्षानुवर्षे रजिस्टरात राहिल्या. आता तिथे मोबाईल आला आहे. पण हाती दिलेले यंत्र अंगवळणी पडतेच असे नाही. मार्च 2021 मध्ये अंगणवाड्यांच्या नोंदींसाठी पोषण ट्रॅकर अ‍ॅप सुरू झाले आणि त्याच वर्षी महाराष्ट्रातल्या हजारो अंगणवाडी सेविकांनी सरकारी फोन परत केले. फोन निकृष्ट, त्यांची क्षमता अपुरी आणि अ‍ॅपची भाषा इंग्रजी, ही त्यांची तक्रार होती. सेविकांना तंत्रज्ञान जमत नाही, असे काही जण म्हणतात. मला ते अन्यायाचे वाटते. त्यांची मागणी चांगल्या फोनची आणि मराठीची होती. कामाला नकार नव्हता.

याउलट ई-संजीवनी ही दूर बसलेल्या डॉक्टरांचा सल्ला पडद्यावर मिळवून देणारी सरकारी सेवा पाहा. 2019 मध्ये आरोग्य केंद्रांसाठी आणि एप्रिल 2020 मध्ये घरबसल्या सल्ल्यासाठी ती सुरू झाली. सांगोल्याच्या वस्तीवरून सोलापूर गाठायचे तर दिवस मोडतो, मजुरी बुडते; ती खेप टळली की उपयोग कुणी पटवून द्यावा लागत नाही. पडद्यावरून पोट चाचपता येत नाही, हा आक्षेप खराच आहे. म्हणून उपकेंद्रात रुग्णाशेजारी बसून रक्तदाब मोजणारा, त्याचे म्हणणे डॉक्टरांना नीट सांगणारा समुदाय आरोग्य अधिकारी लागतो. ते पद रिकामे असेल, तर पडदाही मुकाच.