शेवटच्या नळाचं पाणी



20 मार्च 1927 ला बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्याले. मग सवर्णांनी तळं 'शुद्ध' केलं. कशानं? शेण, गोमूत्र, दूध, दही मडक्यांत भरून तळ्यात बुडवलं. कुठल्याही प्रयोगशाळेत न्या ते पाणी, नापासच होईल. 1937 साली हायकोर्टातही आपण जिंकलो. हक्क मिळाला. पण पाणी कसलं?

मी राहतो ते तालुक्याचं गाव. टाकी वरच्या आळीत, आमची वस्ती पाइपाच्या शेपटाला, गटाराला लागून. पाणी दिवसाआड, तासभर. पाणी बंद झालं की पाइप रिकामा होतो आणि जिथं सांधा फुटलाय तिथनं गटार आत ओढतो. पुढच्या खेपेला ते कुणाच्या हंड्यात? टाकीत टीसीएल पावडर टाकतात, पण क्लोरीन वाटेतच खर्ची पडतं. भारतीय मानक सांगतं, लिटरमागे निदान 0.2 मिलिग्रॅम मोकळं क्लोरीन हवं. पालिकेचा माणूस नमुना घेतो कुठं? टाकीखाली! अहवाल, 'पिण्यास योग्य'. वस्तीत पोरं हगवणीनं लोळतात तेव्हा साहेब म्हणतात, तुम्ही लोक भांडी स्वच्छ ठेवत नाही. वा रे साहेब!

ऑर्थोटोलिडिनची बाटली घ्या. काचनळीतल्या पाण्यात थेंब टाका. पिवळं झालं तर क्लोरीन आहे, नाही तर नाही. याला डिग्री लागत नाही. पाणी येईल त्या दिवशी पालिकेच्या माणसाला शेवटच्या नळावर आणायचं, सगळ्या बायाबापड्यांदेखत रंग बघायचा, आणि वहीत तारीख घालून त्याची सही घ्यायची. दर खेपेला.