विस्तवावाचून दृष्ट



व्याख्यानमालेच्या चालकांनी ‘मंत्रतंत्रातील अग्नी’ हा विषय सुचवला तेव्हा मी प्रथम नाही म्हणालो. यावर बोलायला शास्त्री हवा, नाहीतर शास्त्रज्ञ. मी कामगार संघटनेत काम करणारा माणूस. सातवीनंतर जे वाचले ते युनियनच्या कचेरीतल्या बाकावर. पण मागाहून वाटले, विस्तवाने पोळलेली माणसे मी जितकी पाहिली तितकी शास्त्रीबुवांनी पाहिली नसतील. म्हणून उभा राहिलो आहे.

आरंभ घरापासून करतो. दृष्ट काढली नाही असे मूल आपल्या मावळात सापडायचे नाही. मीठ, मोहऱ्या, सुक्या मिरच्या मुठीत घ्यायच्या, पोरावरून उतरायच्या आणि मूठ चुलीत टाकायची. मीठ तडतडले की आजी म्हणणार, ‘बघ, केवढी लागली होती!’ आणि मिरचीचा ठसका आला नाही, तर मग विचारूच नका, नजर फारच जबर. यात विस्तव दोन कामे करतो. नको ते जाळतो, आणि जळाल्याची खूण देतो. पाण्यात टाकलेले मीठ मुकाट्याने विरघळते, विस्तवातले बोलते. मांत्रिकाला अग्नी का लागतो, याचे निम्मे उत्तर या बोलण्यात आहे.

पण बोलतो कोण? मिठाच्या खड्यात पाण्याचे बारीक कण अडकलेले असतात. त्यांची वाफ झाली की खडा फुटतो. ठसक्याचे म्हणाल तर ते मी स्वतः करून पाहिले. याच लोणावळ्यात १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम काढले आणि योगक्रियांची तपासणी प्रयोगशाळेत मांडली; आपल्या गावाला ही सवय असायला हरकत नाही. चार मिरच्या मंद निखाऱ्यावर टाकल्या. त्या धुमसल्या, सारी खोली खोकू लागली, आणि मंडळी मला घराबाहेर काढायला निघाली. दुसऱ्या दिवशी तेवढ्याच मिरच्या धगधगत्या जाळात टाकल्या. त्या भस्सकन जळाल्या, ठसका नाममात्र. दोन्ही खेपेस त्या कोणावरून उतरलेल्या नव्हत्या.

कोणी बाबा नुसता मंत्र म्हणून होम पेटवतो, त्याचेही असेच. समिधांखाली पोटॅशियम परमँगनेटची पूड असते, आणि वरून जे ‘तूप’ सोडतात ते ग्लिसरीन असते. थोडा वेळ जातो आणि जाळ उठतो. तेवढ्या वेळात मंत्र म्हणून होतो. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते हा प्रयोग गावोगाव करून दाखवतात.

पुढे घरोघर गॅस आला. बर्नरवर मीठमोहऱ्या टाकल्या तर बर्नर बिघडतो. मग आपल्या मायबहिणींनी काय केले? परंपरा बुडाली म्हणून कोणी रडत बसले नाही. कोणी तवा तापवून त्यावर टाकू लागल्या, कोणी भाकरतुकडा ओवाळून बाहेर टाकतात, कोणी मीठ पाण्यात सोडून ते मोरीत ओततात. पोरे पूर्वीइतकीच शांत झोपतात. किरकिरणाऱ्या मुलाला कोणीतरी कामधाम सोडून समोर बसवले, त्याच्याकडे नीट पाहिले, एवढे तर चुलीवाचूनही होतेच.

असा बदल करणे धर्माला नवे आहे असेही नाही. धर्मशास्त्रात ‘प्रतिनिधी’ नावाची सोयच आहे. सोमवल्ली मिळाली नाही तर पूतिका चालते. यज्ञात खऱ्या पशूऐवजी पिठाचा पशू केल्याचे दाखले आहेत. बळीच्या जागी कोहळा कापतात. न्यायनिवाड्यातही तेच. मराठी अमलात वाद मिटेना तेव्हा दिव्य करीत. रवादिव्य म्हणजे उकळत्या तेलातून किंवा तुपातून धातूचा रवा हाताने काढायचा. मग हात बांधून त्यावर मोहर करायची, आणि काही दिवसांनी सोडून पाहायचे. हात भाजला तर खोटा. पण त्याच मुलखात बेलभंडार उचलून शपथ घेण्याचीही चाल होती. बेलाचे पान आणि हळद! दोन्हीकडे देव साक्षीला, पण एकीकडे हात शाबूत राहतो. कष्टकऱ्याचे सारे भांडवल तेवढेच असते, म्हणून मला हा फरक फार मोठा वाटतो.

हे जुन्या काळचे झाले म्हणून सोडून देता येत नाही. २०२१ साली तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात एका नवऱ्याने बायकोचे चारित्र्य पारखण्यासाठी तिला उकळत्या तेलातून नाणे काढायला लावले. त्याची चित्रफीत साऱ्या महाराष्ट्राने पाहिली. सीतामाईच्या अग्निपरीक्षेवर मान डोलावणाऱ्या आपण पुरुषांनी ती एकदा पाहावी. नवऱ्याने हात तेलात घालायचा, असे दिव्य मी अजून ऐकलेले नाही.

डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात २० ऑगस्ट २०१३ रोजी खून झाला. त्यानंतर काही दिवसांतच जादूटोण्याविरुद्धचा अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. त्याची अनुसूची मी अक्षर अक्षर लावून वाचली आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली मिरचीची धुरी देणे आणि तापलेल्या वस्तूचे चटके देणे, ही दोन्ही त्यात आहेत. आजीची मूठभर मिरची त्यात नाही, हे घाबरणाऱ्यांनी लक्षात घ्यावे. कायद्याने माणसाच्या कातडीपाशी रेघ ओढली आहे. ती मला योग्य वाटते.

आता एक गोष्ट सांगतो, जिच्यामुळे मी खरोखर येथे उभा आहे. आमच्या भागातल्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे काम करणाऱ्या एका मजुराला कावीळ झाली. तो डाग देणाऱ्याकडे गेला. तापल्या तारेने मनगटावर आणि पोटावर चटके घेतले, आणि अकराव्या दिवशी झोळीत घालून इस्पितळात न्यावा लागला. डाग चिघळले होते. मी त्याच्यावर फार रागावलो. त्यावर तो म्हणाला, ‘भाऊ, दवाखाना दिवसा उघडा. दिवसा गेलो तर खाडा पडतो. डागवाला रविवारी रात्री बसतो, आणि नारळावर भागवतो.’ ठेकेदाराने त्याचा राज्य विमा उतरवलाच नव्हता. मी गप्प झालो. विस्तवाला पर्याय काय, असे लोक विचारतात. त्या माणसापुढे तो ठेवला होता कोणी? विम्याच्या कार्डासाठी आम्हाला पुढे आठ महिने भांडावे लागले.

तो बरा झाला. दूषित पाण्याची कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप ओसरते. डागवाल्यांचा धंदा त्यावरच चालतो. तो मात्र अजून मनगटावरचा डाग दाखवून सांगतो, ‘यानेच वाचलो.’ मी त्याच्याशी पुष्कळ वाद घातला आहे आणि पुष्कळदा हरलो आहे.

गेल्या पावसाळ्यात त्याच्या मुलीचे डोळे पिवळे झाले. रात्री त्याचा फोन आला : ‘भाऊ, आधी डाग की आधी दवाखाना?’ मी म्हटले, ‘आधी दवाखाना, कार्ड घेऊन जा. आणि आईला सांग, मीठपाण्याने दृष्ट काढ.’ त्याने दोन्ही केले.