माइक चावतो: घरच्या स्टुडिओतली घरघर आणि भिंतीतली अर्थिंग

हा भाग ऐकून झाला असेल तर हे त्याचंच लेखी रूप. अडखळणं आणि 'म्हणजे, म्हणजे' तेवढं काढलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

आज पाहुणे नाहीत, मी एकटाच आहे. बऱ्याच जणांनी विचारलं होतं की सुरुवातीच्या भागांत मागे 'घूंऽऽ' असा आवाज यायचा, तो कसा घालवला? खरं तर दोन मिनिटांचं उत्तर आहे. पण तो आवाज घालवताना मी एक चूक केली, आणि त्या चुकीचं दुसरं टोक माझ्या आजीच्या हातात होतं. म्हणून आज जरा सविस्तर.

आमचं घर बेटेगावात, बोईसरजवळ. मी बी.टेक. केलंय, नोकरी सॉफ्टवेअरची आणि घरूनच. मागच्या खोलीत भिंतींना दोन गोधड्या टांगल्या, एक ऑडिओ इंटरफेस घेतला, हातात धरायचा साधा माइक, आणि विजेवर चालणारे दोन स्पीकर. झाला स्टुडिओ! हे सगळं मुळात आजीसाठी होतं. आजी पोफरणची. पोफरण आणि अक्करपट्टी ही समुद्राकाठची गावं तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्टीसाठी उठली. पहिल्या दोन भट्ट्या १९६९ च्या, देशातलं पहिलं अणुवीज केंद्र. नंतरच्या दोन, ५४० मेगावॅटच्या, २००५-०६ मध्ये सुरू झाल्या. आजीला आकडे ठाऊक नाहीत. तिला घर ठाऊक आहे, विहीर ठाऊक आहे, बोंबील वाळत घालायची जागा ठाऊक आहे. ते सगळं तिच्या तोंडून नोंदवून ठेवायचं होतं.

पहिल्या दिवशी ती चाळीस मिनिटं बोलली. रात्री हेडफोन लावून ऐकलं, तर तिच्या प्रत्येक वाक्याखाली घूंऽऽ.

पहिला संशय बाहेरच गेला. पश्चिम रेल्वेची लाइन जवळ, वर २५ हजार व्होल्टची तार. एमआयडीसीचे कारखाने, मोठमोठे टॉवर. आमच्याकडे लाइटचं काहीही बिघडलं की "एमआयडीसीमुळे असेल" हे उत्तर तयारच असतं. मीही तेच धरून चाललो. आठवडा वाया गेला.

मग कोडमधला बग शोधतात तसं करायचं ठरवलं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि काय झालं ते वहीत लिहायचं.

आधी आवाज ओळखला. ऑडॅसिटीत रेकॉर्डिंगचा स्पेक्ट्रम काढला. ५० हर्ट्झला उंच टोक, मग १००, मग १५०. आपली वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते, म्हणजे हा विजेचाच आवाज. पेटी वाजवणाऱ्यांसाठी सांगतो, पांढरी पाचच्या किंचित वरचा सूर, पण खूप खालच्या सप्तकातला. तुमचा आवाज असा एका सुरात स्थिर असेल तर वीज आणि अर्थिंगकडे बघा. माउस हलवला की चिरचिर बदलत असेल तर ती लॅपटॉपची, यूएसबीतून येते. अधूनमधून टिक-टिक-टिक येत असेल तर मोबाइल लांब ठेवा.

मग चाचण्या. स्पीकरला लावलेल्या सगळ्या केबल काढल्या, नुसता स्पीकर चालू ठेवला: शांत. म्हणजे स्पीकर निर्दोष. इंटरफेसची केबल जोडली: घूं. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवला: शांत! चार्जर लावला: पुन्हा घूं. त्याच वेळी बाहेरून गाडी गेली, आवाजात काडीचा फरक नाही. रेल्वे सुटली, एमआयडीसी सुटली. गुन्हेगार घरातच होता.

याला ग्राउंड लूप म्हणतात. लॅपटॉपचा चार्जर एका भिंतीवरच्या बोर्डात, स्पीकर समोरच्या भिंतीवरच्या बोर्डात. दोघांनाही थ्री-पिन, दोघांनाही अर्थ. आणि मधे ऑडिओ केबल, तिची बाहेरची जाळी दोन्ही उपकरणांच्या पत्र्यांना जोडते. झालं एक वर्तुळ. दोन्ही बोर्डांच्या अर्थमध्ये थोडाही फरक असला की त्या जाळीतून वीज वाहते, आणि ती आपल्याला ऐकू येते. त्यात माझी माइकची केबल स्वस्तातली, अनबॅलन्स्ड. तिनं ती घरघर रेकॉर्डिंगमध्येही आणली.

आता माझी चूक. बाजारात वीस-तीस रुपयांत थ्री-पिनचा टू-पिन करणारा तुकडा मिळतो. इंटरनेटवर कुणीतरी सांगितलं होतं, तो लावा, अर्थ तुटतो, लूप तुटतो. चार्जरला लावला. घूं गायब! इतका आनंद झाला की आईला बोलावून शांतता ऐकवली.

दोन-तीन आठवडे असंच चाललं. मग एका दिवशी आईला बाहेरच्या खोलीत भजनं ऐकायची होती म्हणून स्पीकर तिकडे नेले. मला काय, रेकॉर्डिंग हेडफोनवर होतंच. पावसाळा, नुकतीच लादी पुसलेली, आजी अनवाणी. माइक हातात घेतला आणि लगेच खाली ठेवला. म्हणाली, "हा चावतो रे."

मी हसलो. मग स्वतः धरला. हाताला मुंग्या आल्या.

घडलं असं होतं. लॅपटॉपच्या चार्जरमध्ये गोंगाट गाळणारे छोटे कपॅसिटर असतात. अर्थ नसेल तर त्यांच्यामुळे पत्र्यावर साधारण निम्मा व्होल्टेज तरंगत राहतो. करंट अगदी कमी, एक मिलिअँपिअरच्याही आत, म्हणून नुसत्या मुंग्या. पण चार्जर आतून बिघडला असता तर? इतके दिवस माझा लॅपटॉप, इंटरफेस आणि माइक यांना अर्थ मिळत होता तो फक्त स्पीकरच्या ऑडिओ केबलच्या जाळीतून. केबल काढली आणि तोही गेला. आजीची सुरक्षितता एका बारीक सिग्नलच्या तारेवर लटकत होती.

टू-पिन तुकडा तिथेच फेकला. मल्टिमीटर काढला. पहिल्या बोर्डात फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थ तेवढंच, न्यूट्रल-अर्थ दोन व्होल्ट. स्पीकरच्या बोर्डात न्यूट्रल-अर्थ चक्क शून्य. मला वाटलं, वा, हा बोर्ड तर आदर्श!

ओळखीच्या वायरमन काकांना बोलावलं. वही दाखवली. ते शून्यावर थांबले. "पंप चालू होता का तेव्हा?" हो म्हटलं. "मग शून्य कसं येईल?"

हे मला कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं. न्यूट्रलमधून करंट वाहत असतो, त्यामुळे तिच्यावर थोडा व्होल्टेज पडतोच. अर्थमधून काही वाहत नसतं. म्हणून लोड चालू असताना दोघांत थोडा फरक दिसायलाच हवा. अगदी शून्य म्हणजे कुणीतरी दोघांना तिथेच जोडलंय. काकांनी मेन बंद करून बोर्ड उघडला. आत बोटभर वायरचा तुकडा, न्यूट्रलवरून अर्थच्या पिनला. खरी अर्थची तार त्या बोर्डापर्यंत आलेलीच नव्हती. ज्यानं कधी काळी ते काम केलं, त्यानं टेस्ट-लॅम्प पेटावा एवढीच सोय केली होती.

घरघर तिथूनच येत होती. पंप आणि फ्रिज त्याच लाइनवर. त्यांचा करंट न्यूट्रलमधून जाताना त्याचा काही भाग माझ्या ऑडिओ केबलमधून खऱ्या अर्थकडे पळत होता. पण घरघर सोडा, धोका ऐका. अशा बोर्डाची न्यूट्रल मागे कुठे सैल झाली किंवा तुटली, तर चालू उपकरणातून फेज न्यूट्रलवर येतो, त्या तुकड्यातून अर्थच्या पिनवर, आणि तिथून पत्र्यावर. वाचवण्यासाठी दिलेली पिनच शॉक देते. आणि माझ्याकडे स्पीकरचा पत्रा केबलनं इंटरफेसला, इंटरफेस माइकला, माइक आजीच्या हातात. खऱ्या अर्थचा रस्ता मी टू-पिन लावून स्वतःच बंद केला होता.

नंतर काय काय केलं ते सांगतो. काकांनी तो तुकडा काढला आणि मेन बोर्डापासून खरी अर्थची तार ओढली. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवली. गळती झाली की ती क्षणात लाइन तोडते. मागच्या अंगणातला मीठ-कोळशाचा अर्थिंगचा खड्डा साफ करून घेतला. उन्हाळ्यात तो सुकतो आणि अर्थ कमजोर होतं, म्हणून एप्रिल-मे मध्ये त्यात पाणी घालायचं काम आता माझ्याकडे. ही सगळी वायरमनची कामं आहेत, यूट्यूब बघून बोर्ड उघडू नका. सॉकेटमध्ये मीटरच्या सुया घालणंसुद्धा सवय नसेल तर नकोच.

माझ्या वाट्याची कामं सोपी होती. स्टुडिओचं सगळं सामान एकाच बोर्डावर घेतलं, म्हणजे सगळ्यांचं अर्थ एकाच जागी. स्पीकरला आणि माइकला बॅलन्स्ड केबल घेतल्या. त्यात दोन तारांतून एकच सिग्नल उलट-सुलट जातो, वाटेत मिसळलेला गोंगाट शेवटी वजा होतो. तरी बारीक बझ्झ उरला होता, तो पंख्याच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरचा निघाला. रेकॉर्डिंगला पंखा बंद. घाम येतो, चालतं.

उजवा स्पीकर करकरायचा, तेही सांगतो. डाव्या-उजव्या केबलची अदलाबदल केली. करकर डावीकडे गेली असती तर दोष केबलचा किंवा त्यामागचा, उजवीकडेच राहिली तर स्पीकरचा. उजवीकडेच राहिली. खोलून बघण्याआधी त्याचं जॅक बघितलं, हिरवट गंज. आमच्याकडची हवा खारी आणि दमट. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून कापसाच्या काडीनं पुसलं, चार वेळा पिन आत-बाहेर केली, करकर बंद. मी नवा स्पीकर मागवायच्या बेतात होतो.

जुन्या रेकॉर्डिंगचं काय? ५०, १०० आणि १५० हर्ट्झ फिल्टरनं कापले. घरघर बरीच गेली, पण जास्त कापलं की आजीचा आवाज पातळ होतो, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. मग थोडी राहू दिली. आजीला तेच सगळं पुन्हा सांगायला लावलं. विहिरीची गोष्ट तिनं आणखी छान सांगितली. घर सोडलं त्या दिवसाचं मात्र म्हणाली, "ते सांगून झालंय." त्यामुळे तो तुकडा माझ्याकडे आहे तो घरघरीसकटच. पुढच्या भागात तोच ऐकवणार आहे, मागचा आवाज कशाचा ते आता तुम्हाला माहीत आहे.

तोवर एक काम करा. घरात कुठल्या प्लगला टू-पिन तुकडा लावलाय का बघा, आणि फ्रिज, मिक्सर, लॅपटॉप, माइक यांपैकी काहीही 'चावत' असेल तर सवय आहे म्हणून सोडून देऊ नका. वायरमनला बोलवा. आणि घरातली म्हातारी माणसं काही म्हणाली तर हसण्याआधी स्वतः हात लावून नका बघू. तीही माझी चूकच होती. आधी मेन बंद करा.

भेटू पुढच्या भागात.