शिवाजी पार्क : मोकळ्या जागेचे वैभव



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून सहसा उभ्या केलेल्या वास्तूंचा गौरव होतो. मी मात्र दादरच्या अशा एका जागेविषयी बोलणार आहे, जिचे मोल तिथे फारसे काही न बांधल्यामुळेच वाढले.

१८९६ च्या प्लेगने मुंबईतील दाट वस्त्यांची दैना केली. पुढे १८९८ साली नगरसुधारणेसाठी सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि दादर-माटुंग्याकडे हवेशीर वसाहतींची आखणी सुरू झाली. १९२५ साली ‘माहीम पार्क’ हे मैदान लोकांसाठी खुले झाले. तेव्हाच्या प्रचलित गणनेनुसार १९२७ हे शिवजन्माच्या त्रिशताब्दीचे वर्ष होते. त्याच वर्षी नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहाने मैदानास शिवरायांचे नाव लाभले. तेथील अश्वारूढ पुतळ्याच्या हाती उगारलेली तलवार नाही. महाराज हाताने दिशा दाखवीत आहेत.

परंतु या परिसराची खरी ओळख मैदानाला वेढणारा बुटका कट्टा होय. त्यावर निवृत्त गृहस्थ वृत्तपत्र उलगडतात, तरुण मंडळी रात्री उशिरापर्यंत रेंगाळतात. आत एकाच वेळी इतके सामने चालतात, की आपल्याकडे आलेला चेंडू आपल्याच सामन्यातला आहे ना, हे क्षेत्ररक्षकाला आधी पाहावे लागते! रमाकांत आचरेकर सरांनी यष्टीवर ठेवलेले नाणे वाचवीत सचिन तेंडुलकर इथेच घडले. संयुक्त महाराष्ट्राच्या सभा याच मातीवर गाजल्या, आणि ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर येणारे अनुयायी आजही इथेच विसावतात.

सर्वांची जागा म्हटली की तंटाही आलाच. सभांच्या कर्कश ध्वनिक्षेपकांना कंटाळून रहिवासी न्यायालयात गेले व २०१० साली परिसर शांतता क्षेत्र ठरला. लाल धुळीची तक्रार तर कायमचीच.

मला अधिक चिंता वाटते ती आदराच्या अतिक्रमणाची. ६ फेब्रुवारी २०२२ रोजी लतादीदींना येथे अखेरचा निरोप दिल्यानंतर इथेच त्यांचे स्मारक व्हावे, अशी मागणी झाली. खेळाचे मैदान खेळासाठीच राहू द्या, असे म्हणणाऱ्यांना कृतघ्न ठरविणे मला अन्यायाचे वाटते. डिसेंबर २०२४ मध्ये आचरेकर सरांचे स्मारक झाले, ते छोटेखानी आहे. पण पुढची मागणी कोणाच्या नावाने येईल, कोण जाणे. ती करणाऱ्यांनी एकदा सायंकाळी मैदानावर यावे आणि खेळणाऱ्या मुलांपैकी नेमके कोणाला उठवायचे, ते बोटाने दाखवावे.