बॉस्टनचा सोनार आणि नऊ दात



कान टोचावेत ते सोनारानेच, असे आपण म्हणतो. अठराव्या शतकात अमेरिकेतील इंग्रजी वसाहतींत दात बसवून घ्यावयाचे तेही सोनाराकडूनच, अशी पाळी लोकांवर आली होती. तेथे दंतवैद्यकाचे पहिले महाविद्यालय बाल्टिमोरला निघाले ते १८४० साली. ईथरची भूल बॉस्टनच्या रुग्णालयात चारचौघांसमोर सिद्ध झाली ती १८४६ साली. ती देणारा मॉर्टन हा दंतवैद्यच होता. त्यापूर्वी दाढ दुखू लागली की न्हावी गाठावा, लोहार गाठावा, नाहीतर एखाद्या फिरत्या शल्यवैद्याची वाट पाहावी. हत्यार म्हणजे एक किल्ली. दिसावयास कुलपाच्या किल्लीसारखीच. तिची आकडी दाढेला अडकवून मूठ पिळावयाची. दाढ निघे, आणि कधीकधी तिच्याबरोबर जबड्याच्या हाडाचा टवकाही निघे. त्या खुर्चीवर बसणाऱ्यांना आमचा दुरून नमस्कार!

बॉस्टनचा पॉल रिव्हिअर हा चांदीकाम करणारा कसबी कारागीर. १७६५ नंतर गावचा व्यापार मंदावला, चांदीची भांडी कोण घेणार? इंग्लंडहून आलेल्या जॉन बेकर नावाच्या दंतवैद्याकडून त्याने दात बसविण्याची विद्या उचलली आणि १७६८ साली वर्तमानपत्रात जाहिरात दिली. बेकरने बसविलेले दात कोणाचे हलू लागले असतील तर तेही घट्ट करून देऊ, असे तीत आश्वासन होते. पूर्ण कवळी त्याने केली नाही. हस्तिदंताचा दात घडवावा आणि शेजारच्या दातांना तारेने बांधावा, एवढेच. तार ओढणे हा तर त्याचा रोजचाच धंदा.

ही तार एकदा वेगळ्याच कामी आली. त्याचा मित्र डॉ. जोसेफ वॉरन १७ जून १७७५ रोजी बंकर हिलच्या लढाईत पडला. इंग्रजांनी त्याला तेथेच पुरले. पुढल्या वसंतात इंग्रज फौज बॉस्टन सोडून गेल्यावर प्रेत उकरले, तेव्हा चेहरा ओळखण्याजोगा राहिला नव्हता. रिव्हिअरने आपल्या हाताची तार आणि आपण बसविलेला दात ओळखला.

हस्तिदंत मात्र तोंडात काळा पडे, कुजे, दुर्गंधी सुटे. म्हणून श्रीमंतांचा डोळा माणसाच्या दातांवर होता. गरिबाचा निरोगी दात उपटून तो गरम असतानाच धनिकाच्या हिरडीत रोवावयाचा, या प्रयोगाला लंडनच्या जॉन हंटरसारख्या शल्यविशारदाने प्रतिष्ठा दिली होती. असा दात फार काळ टिकत नसे. कधी देणाऱ्याचा रोग मात्र घेणाऱ्याच्या अंगी शिरे.

जॉर्ज वॉशिंग्टनचे दात लाकडाचे होते, असे आम्हीही लहानपणी वाचले होते. ते खोटे. १७८९ साली तो अध्यक्ष झाला तेव्हा त्याच्या तोंडात स्वतःचा दात एकच उरला होता. न्यूयॉर्कच्या जॉन ग्रीनवुडने त्याला पाणघोड्याच्या सुळ्यांतून कवळी कोरून दिली, आणि त्या एका दातासाठी तीत भोक ठेवले. त्याच्या निरनिराळ्या कवळ्यांत शिसे होते, गायीघोड्यांचे दात होते, माणसांचेही होते.

आता हिशेबाच्या वहीकडे या. माउंट व्हर्ननच्या त्याच्या मळ्यावर दोनशेंवर गुलाम राबत. वसाहती स्वतंत्र झाल्या त्याच्या दुसऱ्याच वर्षी, मे १७८४ मध्ये, त्या वहीत एक रक्कम खर्ची पडली आहे: ल मेयर या फ्रेंच दंतवैद्याखातर काळ्या लोकांना नऊ दातांबद्दल सहा पौंड दोन शिलिंग. म्हणजे दाताला साडेतेरा शिलिंग. हाच ल मेयर जाहिराती देऊन पुढच्या एकेका दाताला दोन गिनी, म्हणजे बेचाळीस शिलिंग, मोजण्यास तयार होता. व्हर्जिनियातील रिचमंडच्या जाहिरातीत त्याने दोन शब्द अधिक घातले होते: गुलाम वगळून.

नऊ दात कोणाचे, त्यांची नावे वहीत नाहीत. वॉशिंग्टनची एक कवळी माउंट व्हर्ननला काचेच्या पेटीत ठेवली आहे. तिच्यात माणसाचे दात आहेत.