बेडक्याची नवी तपासणी



आज आपण खोकल्याविषयी बोलणार आहोत. साधा खोकला बहुधा आपोआप जातो. आल्याचा काढा घेतला, घसा शेकला, की बरे वाटते. पण खोकला दोन आठवड्यांपुढे गेला, संध्याकाळी कसकस येऊ लागली, अंग वाळत चालले, तर काढ्यावर भागत नाही. तो क्षय असू शकतो. असेलच असे नाही. पण आहे की नाही, हे कळायला बेडका तपासावा लागतो.

क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख नावाच्या जर्मन डॉक्टरांनी १८८२ साली दाखवून दिला. काचेच्या पट्टीवर बेडका पसरायचा, त्याला रंग द्यायचा आणि सूक्ष्मदर्शक यंत्रातून पाहायचा, ही जुनी रीत. ती स्वस्त आहे. आपल्या देशाने १९६२ साली क्षयाविरुद्ध कार्यक्रम सुरू केला, तेव्हा खेड्यापाड्यांत हीच रीत नेली. तिने पुष्कळांचे प्राण वाचवले.

पण तिच्यात दोन खोटी आहेत. बेडक्यात जंतू हजारोंनी असतील तरच पट्टीवर दिसतात. थोडे असले तर निसटतात. दुसरी खोट याहून वाईट. जंतू दिसला, तरी तो कोणत्या औषधाने मरेल हे पट्टी सांगत नाही. काही जंतू नेहमीच्या औषधाला दाद देत नाहीत. अशा माणसाला पूर्वी महिनोन् महिने त्याच गोळ्या मिळत. तो बिचारा नेमाने गोळ्या घेई आणि झिजत जाई. घरचे म्हणत, हा पथ्य पाळत नाही! तोवर तोच चिवट जंतू बायकोला लागे, पोराला लागे.

नवी यंत्रे इथे कामाला येतात. एक सीबीनॅट. दुसरे ट्रूनॅट, ते आपल्या गोव्यातल्या कंपनीचे. जागतिक आरोग्य संघटनेने पहिले २०१० साली मानले आणि दुसरे २०२० साली.

ही यंत्रे करतात काय? प्रत्येक जंतूच्या पोटात त्याच्या जातीची खूण असते. यंत्र त्या खुणेची नक्कल काढते. एकाच्या दोन, दोनाच्या चार, चाराच्या आठ. ज्वारीचा एक दाणा पेरला की कणीस येते, तसेच. तीस वेळा दुप्पट करा, एकाचे शंभर कोटींच्या वर होतात! मग खूण लपून राहत नाही. एक-दोन तासांत जंतू आहे की नाही ते कळते. रिफॅम्पिसिन हे मुख्य औषध त्याला लागू पडेल की नाही, तेही त्याच दिवशी कळू शकते. ट्रूनॅट बॅटरीवरही चालते. वीज गेली म्हणून अडत नाही.

म्हणून जुने यंत्र फेकून द्यायचे का? नाही. नवे यंत्र मेलेल्या जंतूचीही खूण दाखवते. त्यामुळे औषध सुरू झाल्यावर गुण येतो आहे की नाही, हे बघायला जुनी पट्टीच बरी.

आणि एक बोलायलाच हवे. यंत्र आले म्हणजे काम झाले, असे आम्हांला वाटत नाही. त्यात घालायची चिप संपली, की ते नुसते ठोकळ्यासारखे पडून राहते. बेडका तालुक्याला पोचवायला माणूस लागतो. उत्तर परत गावात यावे लागते. उत्तर आठवडाभर तिथेच राहिले, तर दोन तासांचे यंत्र घेऊन काय उपयोग? म्हणून केंद्रावर विचारा, यंत्रावर तपासणी होईल का, उत्तर कधी मिळेल. विचारण्यात लाज नाही. सरकारी दवाखान्यात ही तपासणी फुकट होते, औषधही फुकट मिळते.

आता डबी कशी भरायची ते सांगतो. पुष्कळ जण थुंकी देतात. थुंकी नको, बेडका हवा. सकाळी उठल्यावर साध्या पाण्याने चूळ भरा. उघड्यावर, माणसांपासून दूर जा. दोन-तीनदा खोल श्वास घ्या, छातीतून खोका आणि डबीत टाका. झाकण घट्ट लावा. डबीवर नाव लिहिलेले असते. नावे बदलली, तर एकाचा रोग दुसऱ्याच्या माथी जातो. म्हणून देण्याआधी आपले नाव स्वतः वाचून पाहा. आता तुम्हांला वाचता येते.