दर्यावर जाताना बाळगावयाची सामग्री



वार्षिक संमेलनात चार शब्द बोलावेत अशी चिटणीसांची आज्ञा झाली, तेव्हा आम्ही प्रथम संकोचलो. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे आणि हयात गेली फळ्यासमोर. ज्यांनी चाळीस-चाळीस वर्षे दर्या पाहिला, त्यांना दर्याविषयी आम्ही काय सांगावे? अष्टमीचे भांग आणि पौर्णिमेचे उधाण यांत पाण्याची ओढ कशी पालटते, हे आम्हीच आपणापासून शिकावयाचे. तथापि एक गोष्ट आम्हास फार दिवसांपासून बोचत आहे, आणि ती सांगण्यास याहून योग्य स्थळ नाही.

आमचा एक विद्यार्थी होता. नाव सांगत नाही. त्याच्या घरची माणसे कदाचित् याच मंडपात बसली असतील. धक्क्यावरून सूर मारण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. शाळा सोडून तो बोटीवर जाऊ लागला. मार्गशीर्षातील रात्र, पाणी ताटासारखे शांत. सारे खलाशी निजलेले, तांडेल सुकाणूवर. रात्री केव्हातरी हा मुलगा देहधर्मासाठी बोटीच्या मागील टोकाला गेला. इंजिनाच्या आवाजात कोणास काही ऐकू आले नाही. पहाटे चहा ओतला तेव्हा एक पेला उरला, आणि तेव्हा कळले. बोट मागे वळविली, आणखी बोटी आल्या, तीन दिवस शोध झाला. मुलगा सापडला नाही.

त्या बोटीवर जीवरक्षक जाकिटे होती. माणसांच्या संख्येइतकी होती. परंतु ती दुकानातून आली त्याच प्लास्टिकच्या वेष्टनात, केबिनमध्ये एकावर एक रचून ठेविलेली होती, आणि त्यांतील एक कोणा खलाशाने उशाला घेतले होते. हे आम्हास पुढे कळले. आम्ही त्या मुलास भूगोल शिकविला, भूमध्य समुद्राचा नकाशा पाठ करून घेतला; जाकिटाचा पट्टा कसा आवळावा हे मात्र शिकविले नाही. कारण ते आम्हासही येत नव्हते.

'कोळ्याचे पोर पाण्यात बुडत नाही' असे आपण अभिमानाने म्हणतो. यासंबंधी एक साधे गणित आपणापुढे मांडतो. शिक्षकाची खोड, क्षमा असावी. बोट ताशी ७ सागरी मैल वेगाने चालली आहे असे धरा. एक सागरी मैल म्हणजे १८५२ मीटर. म्हणजे एका मिनिटात बोट २०० मीटरांहून अधिक पुढे जाते. पडलेल्या माणसाचे केवळ डोके पाण्यावर असते. लाटांमध्ये ते दिवसा उजेडीही इतक्या अंतरावरून दिसणे कठीण, मग रात्रीची कथा काय! शिवाय पडताना कठड्याचा मार डोक्यास बसला, तर पोहण्याची विद्या कोणत्या कामाची? आणि आता आपल्या बोटींवर दूरदूरच्या प्रांतांतून आलेली मुले खलाशी म्हणून असतात. त्यांतील कित्येकांनी नोकरी धरीपर्यंत समुद्र पाहिलेलाही नसतो. त्यांच्या आयांना आपण ओळखत नाही, एवढ्यावरून त्यांची जबाबदारी कमी होत नाही.

जाकीट अंगात घातले की उकडते, जाळे ओढताना अडकते, आणि बरोबरची मंडळी हसतात, अशी तीन उत्तरे आम्हास मिळाली. पहिली दोन खरी आहेत. जाड जाकीट घालून चोवीस तास काम करा असे आम्ही म्हणत नाही. सुटसुटीत, कामात घालावयाची जाकिटेही मिळतात, ती पाहावीत. परंतु रात्री उघड्यावर जाताना, खाडीच्या मुखाशी लाटा फुटत असताना आणि वारा चढला असताना ते अंगावर असलेच पाहिजे. रात्री एकट्याने मागील टोकाला जाऊ नये. एकास जागे करावे, नाहीतर सरळ बादलीचा उपयोग करावा. यात लाज कसली? जाकिटास शिट्टी आहे ना, उजेड पडताच चमकणाऱ्या पट्ट्या आहेत ना, हे खरेदीच्या वेळीच पाहावे. तिसऱ्या उत्तरास, म्हणजे हसण्यास, आमच्याजवळ औषध नाही. तांडेलाने स्वतः घातले की ते थांबते, एवढे मात्र आम्ही पाहिले आहे.

१७ मे २०२१ रोजी 'तौक्ते' वादळात मुंबईपलीकडील तेलक्षेत्रात पी-३०५ नावाचा तराफा बुडाला. अनेकांचा अंत झाला. पण १८० हून अधिक माणसे नौदलाने जिवंत काढली, आणि त्यांतील कित्येक जण त्या खवळलेल्या पाण्यात तासन्‌तास जाकिटाच्या आधाराने तरंगत राहिले होते.

माणूस पडलाच तर काय करावे? मोठ्याने ओरडावे, हाताशी असेल ती तरंगणारी वस्तू, जीवरक्षक कडे नाहीतर बूच घट्ट लावलेला रिकामा कॅन, त्याच्याकडे फेकावी, एका माणसाने बोट रोखून त्याच्याकडे पाहत राहावे आणि दुसरे काहीही करू नये. जीपीएसवर ती जागा तत्क्षणी नोंदवावी. हा सराव मोसमाच्या आरंभी एकदा, नारळाचे पोते पाण्यात टाकून, करून पाहावा.

संदेशाची साधने आता पुष्कळ आहेत. भ्रमणध्वनी किनारा दूर गेला की मुका होतो, म्हणून त्यावर विसंबू नये. बिनतारी संचाची १६ क्रमांकाची वाहिनी संकटासाठी आहे. 'मेडे' हा शब्द तीनदा उच्चारून बोटीचे नाव, ठिकाण, माणसे किती व संकट कोणते, एवढे सांगावे. तटरक्षक दलाचा दूरध्वनी १५५४ आहे. 'डॅट' नावाच्या यंत्राची कळ दाबली की उपग्रहामार्फत तटरक्षक दलास वर्दी जाते. २०२४ साली आलेल्या नव्या यंत्रात वर्दी पोहोचल्याची खूणही परत मिळते. ही कळ तांडेलासच ठाऊक असून चालणार नाही. तांडेलच पडला तर? हवामान खात्याचा इशारा आणि बंदरावरील तीन नंबरचा बावटा यांविषयी काय सांगावे! ११ नोव्हेंबर २००९ चे 'फयान' ज्यांच्या घरावरून गेले आहे, त्यांस तो बावटा आम्ही समजावून सांगणे हा आगाऊपणा होईल.

आग विझविण्याचे नळकांडे, लाल हातबत्ती, जलरोधक विजेरी, पट्ट्यास अडकविलेला सुरा (पाय दोरात गुंतला तर), माणशी पुरेसे पिण्याचे पाणी, हे आपण जाणताच. डिझेलच्या आगीवर पाणी ओतू नये, एवढे मुलांना सांगून ठेवावे.

दोन गोष्टी मात्र कमी ठाऊक आहेत. पाकटाचा किंवा शिंगाळ्याचा काटा लागला तर चुना, हळद यांत वेळ दवडू नये. सोसवेल इतक्या कढत पाण्यात तो हात वा पाय अर्धा ते दीड तास बुडवून ठेवावा. उष्णतेने ते विष निकामी होते. पाण्याचा चटका आधी दुसऱ्या, न दुखणाऱ्या हाताने पाहावा, आणि किनाऱ्यास लागताच डॉक्टर गाठावा. दुसरी गोष्ट मासळीच्या खणाची. बंद खणात मासळी कुजली की विषारी वायू साचतो. त्याचा वास आरंभी येतो, मग नाकच बधिर होते. एक माणूस उतरतो आणि कोसळतो. त्यास काढण्यास दुसरा उतरतो, तोही कोसळतो. खण उघडून बराच वेळ वारा खेळू द्यावा, उतरणाऱ्याच्या कमरेस दोर बांधावा, आणि वरच्याने वरूनच ओढावे.

आता भगिनींना एक विनंती. बोट निघण्यापूर्वी बोटीचा नोंदणी क्रमांक, बरोबरच्या सर्वांची नावे, परतण्याचा अंदाजे दिवस आणि विम्याचे कागद घरात एका ठिकाणी ठेवून घ्या. आम्ही सांगितलेल्या मुलाच्या घरी यांतील काहीही नव्हते. देह सापडला नाही म्हणजे माणूस 'बेपत्ता' राहतो, आणि कायदा सामान्यतः ७ वर्षांनंतर त्यास मृत मानतो. ती वर्षे त्याच्या आईने कचेऱ्यांच्या पायऱ्यांवर कशी काढली, ते आम्ही पाहिले आहे. तिचे अर्ज आम्हीच लिहून देत होतो.

चिटणीसांनी आमच्या सांगण्यावरून दोन जाकिटे आणविली आहेत. आमचे आणखी बोलणे ऐकण्यापेक्षा पुढील रांगेतील दोन तरुणांनी व्यासपीठावर यावे. छातीचा पट्टा आवळणे सोपे आहे, सर्वांना येते. पायांमधून घ्यावयाचा जो दुसरा पट्टा कित्येक जाकिटांस असतो, तो बहुधा कोणी बांधीत नाही, आणि मग पाण्यात पडताच जाकीट वर सरकून तोंडावर येते. तो पट्टा प्रथम दाखवावा.